ऐकण्याचा रविवार

"लग्नाला तू गेली होतीस ना, एस्तेर?" कंपाउंडरकाकांनी बशीतल्या चहावर फुंकर घालत विचारलं.

"गेले होते म्हणजे काय, काका, करवलीसारखी मिरवले होते. कुमुद माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. दोन वर्षं एका ताटात जेवलोय आम्ही."

"अस्सं. मग सगळं बघितलं असशील. वऱ्हाड कुठून आलं होतं?"

"गोदाकाठच्या कुठल्याशा खेड्यातून. दोन ट्रक भरून माणसं होती."

"मोठा गोतावळा दिसतोय पाळकसाहेबांचा."

आणि मग मी ते सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. "मोठा आणि हौशी. नवरदेवाच्या मामांचा स्वतःचा बँड आहे, काका. चार मामा, चारही वाजवणारे. थोरले सनईवर. देवळाच्या दारात त्यांनी सनईवर गीत धरलं तेव्हा आमच्या प्राचार्यबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं."

काकांनी बशी खाली ठेवली. "वा," ते म्हणाले, "म्हणजे घरातच संगीत आहे." त्यांनी शेजारच्या विल्सन मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि प्रार्थना होऊन सभा संपली.

या गोष्टीला आता पन्नासच्या वर वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची आमची ख्रिस्ती मंडळी. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्याच लोकांनी अजून मला खांदा द्यायचा आहे. आमचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, निवृत्त होऊन दहा महिने झाले होते आणि उपदेशपीठ रिकामं होतं. आमच्याकडे पाळक वरून कुणी नेमून देत नाही. मंडळी स्वतः निवडते, आणि या गोष्टीचा आम्हाला भारी तोरा. निवडीसाठी पाच जणांची समिती होती, त्यात बायकांतर्फे मी. अध्यक्ष कंपाउंडरकाका, म्हणजे याकोबराव साळवे. दवाखान्यात तीस वर्षं औषधं देऊन निवृत्त झालेले, आवाज मऊ, बोलणं गोड, कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांत आधी हजर. मिशनच्या शाळेच्या कमिटीवरही तेच होते. त्या शाळेत मी दुसरीचा वर्ग शिकवायचे आणि माझी नोकरी हंगामी होती.

पाळक निवडायची आमची एक रीत होती. तिला आम्ही ‘ऐकण्याचा रविवार’ म्हणायचो. उमेदवाराने सपत्नीक यायचं. सकाळी देवळात उपदेश करायचा, मंडळीला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने पाव आणि द्राक्षरस, द्यायचं, दुपारी ज्याने नाव सुचवलं त्याच्या घरी जेवायचं आणि तिथंच थांबायचं. चार वाजता मंडळी पुन्हा बसायची. नाव सुचवणाऱ्याने उभं राहून उमेदवाराबद्दल साक्ष द्यायची, मग हात वर करून मतं, आणि निकाल सांगायला त्यानेच घरी जायचं. मुलगी बघायला जातात आणि पोह्यांची बशी हातात घेऊन तिच्या चालण्याकडे बघतात, तसाच तो सगळा प्रकार. आधीचे दोन उमेदवार पडले होते. एकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. दुसऱ्याचा पोचत होता, पण त्याच्या बायकोचं पोलकं बिनबाह्यांचं होतं.

तिसरं नाव मी सुचवलं होतं. रेव्हरंड सुमंत लोखंडे, माझ्या कुमुदचे यजमान.

त्याच आठवड्यात कुमुदचं पत्र आलं. सुमंत तीन खेड्यांतल्या तीन मंडळ्या सायकलवरून सांभाळत. राहायचं ठिकाण असं की दवाखाना अठरा मैल, त्यातले सात मैल बैलगाडीचे. कुमुदची दोन बाळंतपणं तिथंच झाली होती आणि दोन्ही मुलं गेली होती. आता तिला सातवा लागला होता. ‘एस्तू,’ तिने लिहिलं होतं, ‘तुमच्या पाळकांच्या बंगल्यासमोर दवाखाना आहे, रस्ता ओलांडला की झालं, असं तूच एकदा सांगितलं होतंस. मला दुसरं काही नको. ह्यांचा उपदेश आवडेल ना गं तुमच्या लोकांना?’

मी उलट टपाली कळवलं, ‘उपदेशाची काळजी करू नकोस. काका खूश आहेत. सामान बांधायला घे.’ हे लिहिताना मला माझंच फार कौतुक वाटलं होतं.

बुधवारी समिती पुन्हा बसली. काकांनी चष्मा पुसला आणि एकदम काविळीवर आले. "गावात साथ आहे. मी तीस वर्षं दवाखान्यात काढली, मला कळतं. आपल्याकडे एका प्याल्याला शंभर तोंडं लागतात. प्रभूच्या मेजावर यायचं आणि रोग घेऊन घरी जायचं, हे बरं नाही."

इथं त्या प्याल्याबद्दल सांगायला हवं. आमच्या देवळात प्रभुभोजनाला एकच मोठा चांदीचा प्याला होता. पाळक आधी घोट घ्यायचे, मग तोच प्याला ओळीने सगळ्यांच्या ओठांना. श्रीमंत, गरीब, शिपाई, डॉक्टर, सगळे त्यातूनच प्यायचे. हेच कंपाउंडरकाका पाहुण्यांना तो प्याला दाखवून सांगायचे की, आमच्या आज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, आणि बघा, इथं आम्ही शंभर जण एका प्याल्यातून पितो. सांगताना त्यांचा कंठ दाटून यायचा. ऐकणाऱ्यांचाही यायचा.

"प्रत्येकाला छोटा, वेगळा पेला," काका म्हणाले. "दवाखान्यात औषध मोजून पाजायचे काचेचे पेले होते, ते आता वापरत नाहीत. शंभर-सव्वाशे मिळतील. मी बोललोय."

"पण इतक्या वर्षांची रीत," विल्सन मास्तर पुटपुटले.

"रीत माणसासाठी असते, मास्तर."

मला ते पटलं. मी वर्गात रोज मुलांची नखं तपासणारी बाई. एकाच्या भांड्याला दुसऱ्याने तोंड लावलं तर छडी उगारणारी. हात वर करा म्हणताच पहिला हात माझा वर गेला.

"आणखी एक," काका म्हणाले. "प्रभुभोजनाची तयारी एस्तेर करते. तर एस्तेर, या वेळी पाव घरूनच बारीक कापून आण. नाहीतर पाळकांनी मोडायचा, एकेकाच्या हातावर ठेवायचा, फार वेळ जातो. ताटं आपण पंच मंडळी फिरवू. पेल्यांचीही."

"मग पाळकसाहेबांनी काय करायचं?"

"शब्द म्हणायचे," काका हसून म्हणाले. "ते तर त्यांचंच काम."

शनिवारी दुपारी मी आणि आई अंगणात मनुका निवडत बसलो होतो. आमच्याकडे द्राक्षरस म्हणजे मनुका भिजवून, उकळून गाळलेलं पाणी. शेजारी घमेल्यात ते औषधाचे पेले उकळून पालथे घातले होते. प्रत्येकावर मापाच्या रेघा होत्या आणि कितीही उकळले तरी कडवट वास जात नव्हता.

"साथ कुठं हाय गं?" आईने मधेच विचारलं.

"काविळीची. काका म्हणाले."

"काका म्हनाले तर आसंल." तिने मनुकांतल्या काड्या वेचल्या. "पत्रावळी आणून ठिवल्यात म्या उद्याला."

"दोन तर पाहुणे आहेत, आई. पत्रावळी कशाला?"

"कावीळ हाय म्हनतीस न्हवं?"

मी हसले. मला खरंच गंमत वाटली. मी शिकलेली होते, माझी आई चौथीवर थांबलेली, आणि घरात कोण भाबडं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळच्या बसने दोघं आली. कुमुद पायऱ्या उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले, पण मला बघून तिने अशी मिठी मारली की कंडक्टरही हसला. "एस्तू, आधी मला तो दवाखाना दाखव," ती म्हणाली. मी रस्त्यावरूनच बोट दाखवलं. मग तिने पाळकांच्या बंगल्यापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंतची पावलं मोजली. अडतीस भरली.

सुमंतनी उपदेश केला तो चार मित्रांवर. पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेसकट छपरातून येशूपुढे उतरवतात, ती गोष्ट. पण ते त्या चौघांवर फार बोललेच नाहीत. ते बोलले ज्याचं छप्पर फोडलं त्या घरमालकावर. त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही, कुणी आभार मानले नाहीत, पावसाळ्याआधी कौलं कुणी घालून दिली याचाही उल्लेख नाही. लोक आधी हसले. मग सुमंतनी विचारलं, की दुसऱ्याचा आजारी माणूस आत यावा म्हणून आपलं छप्पर फोडू देणारी मंडळी कुठं असते? पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावू लागल्या. मागच्या बाकापर्यंत सगळं ऐकू गेलं. मी कुमुदचा हात दाबला. झालंच आता, असं मला वाटलं.

मग ते मेजाकडे वळले आणि त्यांनी पांढरं कापड उचललं.

खाली औषधाचे एकशे दहा पेले ओळीने मांडलेले होते. प्रत्येकात एका डोसाच्या रेघेपर्यंत मनुकांचं लालसर पाणी. चांदीचा प्याला नव्हता. "प्याला?" सुमंतनी हळूच विचारलं. पुढच्या बाकावर होतो म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"गावात कावीळ आहे, पाळकसाहेब," काका तितक्याच हळू म्हणाले. "आरोग्याच्या दृष्टीने."

"आणि भाकर मी मोडायची?"

"कापलेली आहे. ताटं पंच फिरवतील. आपण फक्त शब्द म्हणा."

"बरं," सुमंत म्हणाले. त्यांनी हातातलं कापड व्यवस्थित चौघडी करून बाजूला ठेवलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सबंध विधी तसाच, हात मागे बांधून केला. एक शब्द चुकला नाही. कशालाही बोट लावलं नाही. शेवटी काकांनी ताट पुढे केलं तेव्हा कडेचा एक पेला उचलून प्यायले आणि तो परत ताटात न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बिचारे गोंधळले असतील, असं मला वाटलं. शेजारी कुमुद खिडकीतल्या त्या पेल्याकडे बघत होती.

उपासना संपल्यावर आई पाहुण्यांना घेऊन घरी गेली आणि मी मागच्या खोलीत पेले गोळा करत होते. काका आत आले.

"पाळकांचा पेला कुठं आहे?"

"खिडकीत ठेवलाय त्यांनी. का?"

"तो यांच्यात मिसळू नकोस. टाकून दे कुठंतरी."

"काका, कावीळ त्यांना नाहीये."

काका हसले. खरोखर मायेने हसले, आपल्या नातीच्या बोबड्या बोलण्याला हसावं तसे. "एस्तेर, शिकलेली पोर तू. मामांचा बँड तूच सांगितलास ना? चार मामा, चारही वाजवणारे. मग ते कोण झाले?"

मी हातातला पेला ताटात ठेवला.

"आपल्यात जात नाहीच," काका म्हणाले. "मी स्वतः मानत नाही. पण जुन्या माणसांना जड जातं गं. त्यांच्या हातचं घ्यायचं, त्यांच्यामागून तोंड लावायचं. आपण त्यांचाही विचार नको का करायला? आणि मला सांग, पाळकसाहेबांना एकट्याला वेगळं काढलं का आपण? सगळ्यांनाच वेगळे पेले दिले. कुणाचा अपमान नाही, काही नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या काळी गावकुसाबाहेर दोन वस्त्या असायच्या. आमच्या गावी त्यातल्या एका वस्तीतले आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले. दुसरीकडे दुसऱ्या वस्तीतले झाले. त्या दुसऱ्या वस्तीकडे वाजंत्री. गावाला दोन्ही वस्त्या सारख्याच विटाळाच्या, दोघांची सावली सारखीच नको असायची. पण आमच्या वस्तीला ती दुसरी वस्ती खालची वाटायची. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आमचं सगळं धुतलं गेलं म्हणतात. एवढं तेवढं राहिलं. आडनावावरून काही कळत नाही, लोखंडे इकडेही आहेत आणि तिकडेही. म्हणून आमचे लोक आजोळ विचारतात, वऱ्हाड कुठून आलं विचारतात, आणि चहा पितात. काकांना सरळ विचारायची लाज वाटली असेल असं नाही. त्यांना विचारावं लागलंच नाही. मी सगळं कौतुकाने ओतून दिलं होतं.

काकांनी कंठ दाटून सांगितलेली ती प्याल्याची गोष्ट मला आठवली. एकट्या माणसाला वेगळं काढलं असतं तर कुणीतरी पाप म्हणालं असतं. सगळ्यांनाच वेगळं केलं की त्याला आरोग्य म्हणता येतं, आणि त्यासाठी पहिला हात वर करायला माझ्यासारखी मास्तरीण मिळते.

तर मी काय केलं? खिडकीतला तो पेला उचलला, मागच्या दाराने बाहेर गेले आणि निवडुंगाच्या कुंपणापलीकडे फेकून दिला. तो फुटल्याचा आवाज आला. मग आत येऊन बाकीचे धुतले. आपण तो रागाने भिरकावला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. राग वगैरे काही नव्हता. सांगितलेलं काम होतं, ते केलं.

घरी पाटापुढे पत्रावळ्या मांडलेल्या होत्या. आमच्या कपाटात स्टीलची बारा ताटं होती, चकचकीत घासलेली, आणि ती कपाटातच होती.

"पत्रावळी?" कुमुद म्हणाली. "लग्न आहे की काय घरात, मावशी?"

"घासायचा तरास नको म्हनून, बाई. कावीळ हाय ना गावात."

"हो," सुमंत म्हणाले, "सकाळपासून ऐकतोय." ते बसले. त्यांनी मटणाच्या रश्शाला नावाजलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आईला मसाला कसा भाजता म्हणून विचारलं. आई मनापासून सांगत होती. माझ्या आईने आयुष्यात कुणाला उपाशी दारातून पाठवलं नाही. त्या दिवशीही तिने त्या दोघांसाठी पहाटे उठून रांधलं होतं आणि वाढताना पळी वरून धरत होती, पानाला लागणार नाही अशी. हे दोन्ही एकाच बाईचे हात होते, आणि ती माझी आई होती. मला तिच्याकडे बघवेना.

कुमुदने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. मग आपली पत्रावळ थोडी माझ्या बाजूला सरकवली. "एस्तू, ये इकडे. एका पानात जेवू. मला एकटीला नाही जात."

आईची पळी हवेत थांबली. सुमंत मान खाली घालून भाकरी मोडत राहिले.

"तू जेव सावकाश," मी म्हणाले. "मला अजून वाढायचंय."

वाढायचं काही राहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे उभी राहिले आणि भांड्यांचे आवाज करत राहिले.

चार वाजता देवळाच्या पायरीवर काका भेटले. "जूनमध्ये तुझी कायमची ऑर्डर काढायची आहे, माझ्या लक्षात आहे हं," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. दोन पायऱ्या चढल्यावर पुन्हा म्हणाले, "कितवा गं त्या पाळकीणबाईंना? सातवा? मला आपली काळजीच वाटते. अशा दिवसांत बिऱ्हाड हलवायचं म्हणजे. तू जवळची मैत्रीण, तुला तर जास्त कळत असेल."

ते कुणाला धमकी देत नसत. त्यांनी कधीच कुणाला दिली नाही.

मंडळी बसली. एक गीत झालं. काका म्हणाले, "रेव्हरंड लोखंड्यांचं नाव सुचवणाऱ्या भगिनीने साक्ष द्यावी." मी उठले. मला काय म्हणायचं आहे ते घरून ठरवून आले होते. पेले का आले ते सांगायचं, काकांचं नाव घ्यायचं आणि खाली बसायचं. समोर शंभर चेहरे होते, त्यात मला अक्षरं शिकवणारे होते, माझ्या वडिलांच्या मयतीला रात्रभर बसलेले होते. सकाळी रडलेल्या म्हाताऱ्या होत्या. आणि त्या सगळ्यांना माहीत होतं. ते मला त्यांच्या बघण्यावरून कळलं. सकाळी रडत होत्या तेव्हाही त्यांना माहीत होतं.

"रेव्हरंड लोखंडे चांगले उपदेशक आहेत," मी म्हणाले. "माणूस म्हणून फार चांगले आहेत. पण एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. त्यांच्या पत्नीला सातवा महिना आहे. आधीची दोन मुलं गेली आहेत. अशा अवस्थेत घर हलवणं, नवीन गाव, नवीन जबाबदारी, हे त्यांना झेपणार नाही. मैत्रीण म्हणून मला काळजी वाटते."

देवळात एक सुटकेचा सुस्कारा फिरला. मी तो ऐकला. सगळ्यांना हवं होतं ते मी देऊन टाकलं होतं, स्वच्छ धुतलेलं, कुणाच्या हाताला काही लागणार नाही असं. ज्या कारणासाठी कुमुदला ते घर हवं होतं, तेच कारण मी तिच्या वाटेत आडवं घातलं. काकांनी मला हे शिकवलं असं म्हणायची सोय नाही. त्यांनी फक्त कितवा महिना ते विचारलं होतं.

बाजूने सव्वीस हात वर झाले. त्यात विल्सन मास्तरांचा होता, आणि त्याचं मला आजही नवल वाटतं, कारण तो माणूस सावलीला भिणारा. माझा हात नव्हता. "देवाची इच्छा," काका म्हणाले आणि आम्ही उभं राहून आशीर्वादाची प्रार्थना म्हटली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. कुमुदला मुलगी झाली. तिथंच, दवाखान्यापासून अठरा मैलांवर. सनईवाल्या थोरल्या मामांच्या बायकोने येऊन दोन दिवस दोन रात्री तिच्याजवळ बसून तिला सोडवलं. मूल जगलं. यात माझा काडीचा वाटा नाही, आणि ते जगलं म्हणून माझं काही कमीही होत नाही. आमच्या मंडळीला पाचव्या ऐकण्याच्या रविवारी पाळक मिळाला. त्याचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नव्हता, पण आजोळ ठीक होतं. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली.

त्या दिवशी मात्र मला निकाल सांगायला घरी जायचं होतं. मी गेले. कुमुदची पिशवी दारातच तयार होती. ती पाटावर भिंतीला टेकून बसली होती. मला काही सांगावं लागलं नाही.

"साक्ष तू दिलीस ना?" तिने विचारलं.

"दिली."

"काय म्हणालीस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण मला वाटलं, हे तर चांगलंच वाक्य आहे, हे सांगायला काय हरकत आहे. इतकी मी तोवर बिघडले होते. "म्हणाले की तुझी काळजी वाटते. या दिवसांत बिऱ्हाड हलवणं तुला झेपायचं नाही."

सुमंतनी खाली बघून चपलेचा पट्टा लावला.

"पाचची बस मिळेल," ते म्हणाले. "निघायच्या आधी प्रार्थना करू या. मावशी, तुम्हीही या."

आई हात पुसत आली. आम्ही चौघं उभी राहिलो. पाळक कुणाच्या घरी जेवला की घरासाठी प्रार्थना करून निघतो, ती रीत त्यांनी पाळली. त्यांनी आईच्या अन्नासाठी आभार मानले. मंडळीला चांगला पाळक मिळावा म्हणून मागितलं. याकोबराव साळव्यांचं नाव घेऊन त्यांच्या म्हातारपणासाठी मागितलं. गावातल्या काविळीच्या रोग्यांना बरं कर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते की कसं, ते त्यांच्या आवाजावरून मला कळलं नाही. शेवटी माझं नाव घेतलं. कुमुदला मी पत्रांतून नोकरीची रडगाणी लिहायचे, ती त्यांनीही वाचली असणार. "आणि प्रभू, एस्तेरताईंची नोकरी कायम होऊ दे," ते म्हणाले.

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. कुमुदने मिटले नव्हते. ती सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. हे मला माहीत आहे, कारण मीही मिटले नव्हते. सुमंत थांबले तशी आई "आमेन" म्हणाली. मग मीही म्हणाले, चांगलं मोठ्याने.